देवघराच्या दिव्याचा जोडीदार

माझ्या हातचं काम त्या घराने धुऊन काढलं. बोलण्याची रीत म्हणून हे सांगत नाही. खरोखरच घागरी भरून आणल्या, त्यात गोमूत्र टाकलं आणि भिंतीवरची विजेची बटणंसुद्धा धुतली. बटणावर पाणी ओतणारी माणसं मी जन्मात दुसरी पाहिली नाहीत. पुढे मी त्याचा सूड घेतला. तो सांगताना मला आजही गोडी वाटते. ही गोडी काही चांगली नव्हे हे कळतं, पण वाटते ती वाटते.

टोकावड्याला रस्त्यालगत त्या शेटची भाताची गिरणी होती आणि गिरणीला खेटून त्याचं घर. घराच्या मागे अंगण, अंगणापुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे आमची वस्ती. गाव आम्हाला शिवून घेत नसे. माझा बाप दिवटी धरायचा. लग्नाची वरात असो की देवाची पालखी, पुढे दिवटी घेऊन बाप चालायचा. पुढे रॉकेलच्या बत्त्या आल्या तेव्हा बत्ती डोक्यावर घेऊ लागला. उजेड त्याने धरायचा आणि त्या उजेडात चालायचं दुसऱ्यांनी. मोबदल्यात भात मिळे, उरलंसुरलं अन्न मिळे, आणि ते घ्यायची जागा म्हणजे शेटच्या घराचं मागलं दार. तिथलीही रीत होती. घेऊन निघताना घराकडे पाठ करायची नाही. तोंड दाराकडे ठेवून सात पावलं उलट चालायचं आणि मगच वळायचं. लहानपणी मी हे उलटं चालणं खेळ म्हणून शिकलो. ओढ्याच्या काठाला ठेच लागून पडलो तर दारातली माणसं हसायची, आणि बापही हसायचा.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मामाने मला शहापूरला नेलं. तो आसनगाव ठेसनावर हमाली करी. मी दहा-बारा वर्षांचा असताना विजेच्या तारा तिथे नव्यानेच आल्या, आणि मी फाटकाशी उभा राहून त्यांच्याकडे तासन् तास बघायचो. मोठा झाल्यावर कल्याणच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि घरात वीज फिरवण्याचं काम शिकलो. एकविसाव्या वर्षी मी पुरा कारागीर होतो. मिस्त्री स्वतः म्हणायचा, “पट्टी मारावी तर यानं.”

हे पट्टीचं काम आता राहिलं नाही म्हणून सांगतो. तेव्हा वायर सागाच्या लाकडी पट्टीतून न्यायची. पट्टीला दोन खाचा, एकीतून जाणारी वायर आणि दुसरीतून येणारी, वर लाकडाचं झाकण. आधी दोरा गेरूत बुडवून भिंतीवर ताणायचा आणि चिमटीने ओढून सोडायचा, की लाल रेघ उमटते. रेघेवर हातहात अंतराने छिन्नीने भोकं पाडून लाकडाच्या गुट्ट्या ठोकायच्या आणि त्या गुट्ट्यांवर पट्टी आवळायची. कोपऱ्यात दोन पट्ट्या अशा तासून बसवायच्या की सांध्यात नख शिरू नये. वायरीला जोड द्यायचा तर तांबं सोन्यासारखं चमकेपर्यंत खरवडायचं, पीळ घालायचा, राळ लावून कथलाने भरायचं आणि वर रबराची फीत. माझ्या जोडाला धरून दोन माणसांनी ओढावं, वायर तुटेल पण जोड सुटणार नाही. गर्व म्हणा हवं तर. गर्व करायला माझ्याकडे दुसरं काय होतं!

आणि मिस्त्रीला काम मिळालं ते नेमकं टोकावड्याच्या त्या शेटकडे. गिरणीच्या इंजिनाला डायनामो जोडून घरात सात दिवे लावायचे होते. मिस्त्रीला माझं कूळ ठाऊक होतं. त्याने बजावलं, “शहापूरचा हाय इतकंच सांग. पुढं त्वांड उघडू नको.” पँट, डोक्याला टोपी, कानाला पेन्सिल असा मी पुढल्या दाराने त्या घरात शिरलो. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, कोठी आणि देवघर. बापाला जन्मात जे घर आतून दिसलं नव्हतं त्याची प्रत्येक भिंत मी हाताने चाचपली. घरच्या बायकांनी मला पितळेच्या पेल्यातून चहा दिला. तो चहा मला फार गोड लागला, खोटं कशाला बोलू.

बारा दिवस मी वस्तीवर गेलो नाही. ओढा ओलांडला की दोनशे पावलांवर बापाची झोपडी, आणि मी गिरणीच्या पडवीत झोपत होतो. तिसऱ्या दिवशी बाप मागल्या दाराशी आला. मी मागल्या पडवीत शिडीवर होतो. त्याने मला पाहिलं आणि ओळखलं. हातातलं टोपलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मिस्त्री, जपून हां. शिडी हालते.” स्वतःच्या लेकाला मिस्त्री म्हणाला. मीही “हां बाबा” म्हटलं, रस्त्यावरच्या कुणाही म्हाताऱ्याला म्हणतात तसं. ओळख लपवली ती माझ्यासाठी, आणि ती लपवताना त्याचा ऊर भरून आला होता हे मला दिसत होतं. भात घेऊन तो सात पावलं उलटा चालत गेला.

बाराव्या दिवशी दिवे लागले. सातच्या सात, पहिल्या फटक्यात. घरातली माणसं टाळ्या पिटत होती. मी दोन वायरी लावलेला बल्ब हातात उंच धरून एकेक जोड तपासत होतो. त्याच वेळी मागल्या अंगणात बाप शेटच्या घरची रॉकेलची बत्ती पुसून, उंच धरून तिची काच बघत होता. शेटची म्हातारी आई मागल्या दारात उभी होती. तिने अंगणात पाहिलं, मग आत पाहिलं. तोच दंड, तीच वाकडी मान, दिवा धरायची तीच ढब. “अगो बाय!” ती ओरडली. “ह्यो तं आपल्या दिवटीवाल्याचा पोर! देवघरात शिरलाय गो!”

पुढचं भराभर झालं. मला बाहेर काढलं. मिस्त्री हातापाया पडला. आणि मग त्या घागरी आल्या. जमीन धुतली, भिंती धुतल्या. मी अंगणातून ओरडत होतो, “बटनावर पानी नका टाकू! इंजिन चालू हाय!” कोण ऐकतो! माझ्या हातांनी जिथे जिथे स्पर्श केला होता तिथे तिथे पाणी गेलं पाहिजे होतं, आणि मी तर पट्टीच्या इंचाइंचाला स्पर्श केला होता. म्हातारीने देवघरातल्या बटणावर तांब्या ओतला आणि ओल्या बोटांनीच त्याची पितळी टोपी पुसायला गेली. विजेने तिला असा फटका दिला की ती समईवर जाऊन पडली.

ती वाचली. मनगटाला भाजलं तेवढंच. पण घराने ठरवलं की मी तारांत करणी करून ठेवली. पाण्याने वीज अंगात येते हे मी दहांदा सांगितलं. “पान्यानं बाटलेलं शुद्ध व्हतं, इतकंच आमाला ठाव,” शेट म्हणाला. अंगणात उभ्या बापाला पुढे बोलावलं. मागल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर दगडी पायरी होती. शेटने बोट दाखवलं आणि बापाने त्या पायरीवर नाक घासलं. एकदा नाही, म्हातारी पुरे म्हणेपर्यंत. मी धावलो तर मिस्त्रीने मला मागून कवळ घालून धरलं. बाप उठला. नाकाच्या शेंड्याची साल गेली होती. सात पावलं उलटा चालला, वळला आणि मला म्हणाला, “चल रे, घरी चल.”

त्या पायरीकडे बघून मी मनाशी म्हटलं, याच जागी यांचे हात जोडायला लावीन. कसं ते ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षांच्या पोराचं म्हणणं, त्याला काय अर्थ!

वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर मिस्त्रीच्या सहीची चिठ्ठी लागे. ती त्याने दिली नाही. “हात चांगला हाय तुझा, पन माझं नाव बुडालं,” म्हणाला. मी मुंबईला गोदीत गेलो, दुसरा मिस्त्री धरला आणि चार वर्षं उशिरा परवाना काढला. त्या चार वर्षांत मी ती पायरी एकही दिवस विसरलो नाही. जेवताना आठवायची आणि घास कडू व्हायचा. बाप मात्र त्या दाराला जातच राहिला. त्यावरून मी त्याच्याशी भांडायचो. तो म्हणायचा, “प्वाट काय नाक बघतंय का रे?”

मग दुसरी मोठी लढाई आली. वायर मिळेना, बल्ब मिळेना, आणि वायरमन तर सगळे कारखान्यांनी ओढून नेले. तशात शेटच्या घरची वीज बसली. नातीचं लग्न महिन्यावर आलं होतं. कल्याणहून कुणी यायला तयार नव्हतं. शेवटी शेटने बापाकरवीच निरोप धाडला, पोराला बोलाव. मी गेलो. अट घातली नाही, अटी घालणाऱ्याला माणसं सावध होतात.

या वेळी मला आत घेतलं, पण मोजून. स्वयंपाकघर आणि देवघर सोडून सगळीकडे जायचं. त्या दोन ठिकाणी घरचा सुतार पट्टी ठोकील आणि मी उंबऱ्याबाहेरून त्याला सांगायचं. माझं जाणं आता बाटवत नव्हतं, कारण गरज होती. गरजेला विटाळ नाही म्हणतात ते खोटं नाही.

पट्ट्यांची झाकणं उघडली आणि माझा चार-पाच वर्षांचा राग पुरावा होऊन समोर आला. जिथे जिथे धुतलं होतं तिथे लाकूड फुगलं होतं, वायरीवरचं सूत कुजलं होतं आणि गोमूत्राच्या खाराने तांबं हिरवं पडलं होतं. जिथे पाणी पोचलं नव्हतं, कोठीच्या माळ्यावर, तिथला माझा जोड कालच भरल्यासारखा लखलखत होता. दोन्ही तुकडे कापून मी शेटच्या पुढ्यात ठेवले. “शेट, ही तुमची करनी, नि ही माझी.” शेटने दोन्ही तुकडे उलटेपालटे करून पाहिले. म्हातारी मागे उभी राहून आपलं मनगट चोळत होती. शेट म्हणाला, “जाऊ दे रे. झालं गेलं गंगेला मिळालं.” नाक ज्याचं घासलं त्याने हे म्हणावं की ज्याने घासायला लावलं त्याने! मी पक्कड उचलली.

आता बल्बची गोष्ट. पुऱ्या दाबाचे बल्ब बाजारात नव्हतेच. मला गोदीतून मिळाले ते अर्ध्या दाबाचे. ते एकेकटे लावले तर डायनामोच्या दाबाने तडकून जातील. उपाय एकच, दोन बल्ब एका माळेत ओवायचे. वीज एकातून निघून दुसऱ्यात जाते आणि दाब दोघांत वाटला जातो. पण मग दोघांचं नशीब एक. लागले तर दोघे लागतील, एक काढला किंवा गेला तर दुसराही विझेल. हे मी शेटला नीट समजावलं. लपवाछपवी काही नव्हती. “म्हंजे लगीनच की यांचं,” शेट हसला. “लाव जोड्या.”

जोड्या लावायचं काम माझ्याकडे आलं. ओटी आणि माजघर, स्वयंपाकघर आणि कोठी, झोपायच्या दोन खोल्या एकमेकींना. सात दिव्यांतून तीन जोड्या गेल्या आणि उरला तो देवघराचा दिवा, एकटा. तो शेवटाला ठेवला होता शेटनेच, सुतार मोकळा होईना म्हणून. मी म्हटलं, “शेट, देवाच्या दिव्याला जोडीदार पायजे.”

“मग लाव ना ओटीवर आजून एक.”

“तितकी वायर नाय उरली. भिंतीपलीकडं मागलं दार हाय, तितवर पुरेल.”

वायर होती. पिशवीत पुरं वेटोळं होतं. हे मी खोटं बोललो, आणि त्या सबंध कामात खोटं ते एवढंच.

शेटला घाई होती. लाव म्हणाला. सुताराने देवघरात पट्टी ठोकली आणि मी भिंतीच्या या बाजूला, मागल्या पडवीत, जोड भरला. तसा जोड मी पुन्हा भरला नाही. दिवा लावला तो मागल्या दाराच्या चौकटीबाहेर, बरोबर त्या पायरीच्या डोक्यावर. बटणाचा प्रश्न आला तेव्हा म्हटलं, देवघरात मला येता येत नाही, पुढेमागे बटण बिघडलं तर दुरुस्त कोण करील? म्हणून बटणही बाहेर, दाराशेजारी. त्यांच्याच नियमाने ते बाहेर आलं, मी फक्त स्क्रू पिळले.

पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला इंजिन सुरू झालं. देवापाशी दिवा लावायचा मान म्हातारीचा. ती मागल्या दाराशी आली, भीत भीत कोरड्या पदराने बटण दाबलं. तिच्या डोक्यावर दिवा लागला. आणि दिवा लागला की आपली माणसं काय करतात? हात जोडतात. तिनेही जोडले. मागे सुना होत्या त्यांनी जोडले, गिरणीतून आलेल्या शेटनेही सवयीने जोडले. दिवा चौकटीबाहेर, म्हणून तोंड होतं अंगणाकडे, आणि अंगणात भातासाठी आमच्या वस्तीची दहा-बारा माणसं उभी होती. मी त्यांच्यात होतो. ओढ्याच्या बाजूने वारा येत होता आणि मला जन्मात लागली नव्हती अशी सुखाची झोप त्या रात्री लागली.

दोन वर्षं हे रोज चाललं. मी टोकावड्याला आलो की मुद्दाम तिन्हीसांजेला त्या अंगणात जाऊन छाती काढून उभा राहायचो आणि नमस्कार घ्यायचो. पुढे शेटच्या लक्षात आलं. त्याने एकदा मागल्या दाराचा बल्ब काढून पाहिला तर देवघर काळोखात गेलं. एकादशी होती. म्हातारीने घर डोक्यावर घेतलं आणि तास झाला नसेल तर बल्ब परत जागेवर आला. दुसऱ्या वायरमनला दाखवलं, तो म्हणाला जोड इतका पक्का आहे की पट्टी फोडल्याशिवाय निघायचा नाही आणि पुऱ्या दाबाचा बल्ब मिळाल्याशिवाय फोडण्यात अर्थ नाही. हे मला वस्तीवर कळलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो.

बापाला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडून जाईल ही भीती. पण तो थकत चालला होता, आणि वाटलं, ज्याच्यासाठी केलं त्याला कळायला नको? एका सांजेला त्याच्याबरोबर अंगणात गेलो. इंजिन नुकतंच सुरू झालं होतं, इतर माणसं यायची होती. सगळं सांगितलं. जोडी कशी लावली, वायर कशी लपवली, बटण बाहेर कसं आणलं. “हा दिवा लागल्याबिगर त्यांच्या देवाला उजेड नाय बाबा. रोज इथं हात जोडतात. तू नाक घासलंस तिथंच.”

बापाने त्या न लागलेल्या दिव्याकडे पाहिलं. वाटलं आता हसेल, पाठीवर हात ठेवील.

“म्हंजे,” तो म्हणाला, “आजून पन यांच्यापुढं दिवा मीच धरलाय का रे?”

दोन वर्षांची चव एका क्षणात गेली. तेवढ्यात दारात म्हातारी आली आणि बटण दाबलं. उजेड पडला. तिने अंगणाकडे तोंड करून हात जोडले. अंगणात आम्ही दोघेच होतो, आणि बापाची जागा अशी की नमस्कार नेमका त्याच्यावर आला. त्याने मान वर केली. त्या दारात त्याची मान वर झालेली मी प्रथमच पाहिली. भातासाठी आणलेलं टोपलं पायाशी होतं, ते त्याने उचललं नाही.

मग तो वळला. तिथल्या तिथे, एक पाऊलही उलटं न टाकता. म्हातारीचे हात जोडलेलेच होते आणि बाप तिला पाठ दाखवून सरळ ओढ्याकडे चालत गेला. टोपलं मी उचललं, ते रिकामंच होतं, आणि तसाच वळून त्याच्या मागे निघालो.